कोणाचं प्रमाणपत्र खरं? ई-स्पोर्ट्सच्या संघटनांना मिरजेहून खुलं पत्र

प्रति,
देशातल्या आणि महाराष्ट्रातल्या ई-स्पोर्ट्सच्या सर्व संघटनांचे अध्यक्ष, सचिव आणि पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी नेमकं कोणाला लिहावं हे मला ठरवता आलं नाही, म्हणून सगळ्यांनाच लिहिते आहे. माझ्यापुढे टेबलावर दोन संघटनांची पत्रं आहेत. खेळ तोच, ई-स्पोर्ट्स, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरवर स्पर्धा म्हणून खेळायचा. राज्य तेच. दोन्ही पत्रांवर वरच्या कोपऱ्यात महाराष्ट्राचा नकाशा आहे, दोन्हींवर नोंदणी क्रमांक आहे आणि दोन्हींच्या खाली 'राज्यातील एकमेव अधिकृत संघटना' असं छापलेलं आहे. या दोन 'एकमेव' संघटनांच्या मध्ये माझ्या शाळेतला एक मुलगा गेलं वर्षभर अडकून पडला आहे. त्याच्याबद्दल मला बोलायचं आहे.

मी मिरजेजवळच्या एका माध्यमिक शाळेत 22 वर्षं क्रीडाशिक्षिका आहे. खो-खो आणि कबड्डी हे माझे खेळ. मुलींचे संघ घेऊन तालुका, जिल्हा, विभाग असं फिरण्यात माझी निम्मी नोकरी गेली. मोबाईलवर खेळणारी मुलं दिसली की माझ्या कपाळाला आठी पडायची, हे मान्य करते. मैदान ओस पडायला हाच खेळ कारण आहे असं मी स्टाफरूममध्ये कितीतरी वेळा बोलले आहे.

2023 मध्ये नववीतला एक मुलगा पहिल्या तासाला डुलक्या घेताना सापडला. मोबाईल जप्त केला, दप्तर उघडायला लावलं. दप्तरात भूमितीच्या वहीचे आलेखाचे कागद निघाले. त्यावर त्याने बीजीएमआय या मोबाईलवरच्या लढाईच्या खेळातल्या एरँगल नकाशातला प्रत्येक रस्ता, नदी, पूल पेन्सिलने काढला होता. पोचिंकी, जॉर्जोपोल, मिलिटरी बेस अशी नावं मराठीत लिहिलेली. प्रत्येक ठिकाणाशेजारी आकडे होते: गाडी किती सेकंदांत मिळते, पहिला झोन, म्हणजे आकसत जाणारी सुरक्षित जागा, इकडे पडला तर कोणत्या बाजूने निघायचं, स्क्वॉडमधल्या, म्हणजे आपल्या संघातल्या, कोणी मागे राहायचं. एका कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं होतं, 'घाई केली की मरतो.'

मी ती वही घरी आणली आणि रात्री पुन्हा पुन्हा बघितली. माझे कबड्डीचे गुरू अशाच वह्या करायचे. समोरच्या चढाईपटूचा पाय कोणता पुढे पडतो, बोनस घ्यायला कधी येतो, कोपरारक्षक कधी सुटतो, सगळं टिपलेलं. ती वही खेळाडूची होती. दुसऱ्या दिवशी मी त्याला मोबाईल परत दिला आणि सांगितलं, रात्री दहानंतर खेळायचं नाही, तिमाहीत गुण घसरले तर बंद, आणि स्पर्धा असेल तर मला आधी सांगायचं. त्याने ते पाळलं.

त्याचे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. हळदीच्या हंगामात त्यांचे हात मनगटापर्यंत पिवळे असतात, धुऊन जात नाहीत. 2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी एका संघटनेची 'राज्यस्तरीय निवड स्पर्धा' पुण्यात होती. प्रवेश फी खेळाडूमागे 1,200 रुपये, जर्सीचे 650 वेगळे, राहण्याची सोय ज्याची त्याने करायची. फॉर्मवर पालकाची सही हवी होती. मी यार्डात गेले. राजापुरी हळदीच्या पोत्यांच्या थप्पीला टेकून त्यांनी सही केली आणि कागदावर पिवळा अंगठा उमटला. त्यांनी घाबरून विचारलं, "बाई, फॉर्म बाद तर होणार न्हाई न्हवं?"

फॉर्म बाद झाला नाही. पाच पोरांना घेऊन मी पहाटेच्या एसटीने स्वारगेटला उतरले. स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. सामन्यात शिरायचा रूम आयडी-पासवर्ड यायलाच दोन तास गेले. भिंतीलगतच्या मोजक्या प्लगांवर सगळ्यांचे चार्जर लटकत होते. पण खेळ सुरू झाल्यावर मी जे बघितलं ते विसरणार नाही. हा मुलगा त्यांच्या स्क्वॉडचा आयजीएल, म्हणजे डाव चालवणारा. बाकीच्या टेबलांवर आरडाओरडा चालू होता आणि हा अगदी हळू आवाजात सांगत होता, "थांब. आत्ता नको. झोन येऊ दे." शेवटच्या सामन्यात दोन गडी पडलेले असताना त्याने उरलेल्या एकाला टेकडीमागे सव्वा मिनिट हलू दिलं नाही. ते जिंकले. सहा सामन्यांच्या गुणांमध्ये पहिले आले.

जाड कागदावर सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र मिळालं. आडनाव चुकलं होतं, ते तिथल्या तिथे पेनने दुरुस्त करून दिलं. त्याच्या वडिलांनी ते लॅमिनेट करून घेतलं.

जानेवारीत तुमच्यातल्या दुसऱ्या संघटनेचा निरोप व्हॉट्सअॅपवर आला. 'अनधिकृत संस्थेच्या स्पर्धेत भाग घेतलेल्या खेळाडूंना एक वर्ष राज्य निवडीतून अपात्र ठरवण्यात येत आहे.' खाली खेळाडूंची यादी होती, तिच्यात आमची पाचही नावं होती. मी दोन्हीकडे फोन केले. पहिल्या संघटनेचे सचिव म्हणाले, "त्यांना मान्यताच नाही, मॅडम, तुम्ही लक्ष देऊ नका." दुसऱ्या संघटनेचे सचिव म्हणाले, "त्यांची मान्यता कधीच संपली, तुम्ही मुलांना तिकडे नेलंच कसं?" दोघांकडेही मी मान्यतेचा कागद मागितला. एकाने संस्था नोंदणीचं प्रमाणपत्र पाठवलं. दुसऱ्याने एका परदेशी महासंघासोबत काढलेला फोटो पाठवला.

नोंदणी आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. ते पालकांना माहीत नसतं. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं एकत्र आली की संस्था नोंदवता येते. त्या कागदाने संस्था अस्तित्वात आहे एवढं सिद्ध होतं, ती राज्याचा संघ निवडू शकते हे सिद्ध होत नाही. फॉर्मवर ठळक अक्षरात 'नोंदणीकृत' छापायचं आणि हमालाने ते 'सरकारमान्य' असं वाचायचं, हे तुमच्या डोळ्यांदेखत चाललं आहे.

मग दहावीच्या क्रीडागुणांचा विषय निघाला. मी संबंधित कार्यालयात चौकशीला गेले. तिथल्या गृहस्थांनी प्रमाणपत्र हातात घेऊन नीट वाचलं, उलटसुलट करून बघितलं आणि शांतपणे सांगितलं की बाई, याचा उपयोग होणार नाही. त्यांचं चुकलं नाही. आपल्या राज्यात क्रीडा प्रमाणपत्राला किती किंमत आहे ते मी रोज बघते. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. खोटी प्रमाणपत्रं काढून नोकऱ्या लाटणारे सापडल्यापासून ही पडताळणी कडक झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या खोट्या कागदवाल्यांच्या रांगेत माझ्या या मुलाला तुम्ही नेऊन उभं केलंत. त्याने खोटं काही केलं नव्हतं. तो खेळला होता आणि जिंकला होता.

आम्ही कृष्णाकाठची माणसं. संघटना फुटली की काय होतं हे आम्हाला कुस्तीने दाखवलं आहे. एप्रिल 2022 मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली, कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील गदा घेऊन गेला. मी तिथे होते, जिल्हा क्रीडा संकुलाबाहेर रस्त्यापर्यंत माणूस होता. त्याच वर्षी राष्ट्रीय महासंघाने राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली, समोर दुसरा संघ उभा राहिला, प्रकरण कोर्टात गेलं. नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला हर्षवर्धन सदगीर. 2025 मध्ये पुन्हा तेच, आधी अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मग कर्जतला वेताळ शेळके. हे सगळे मल्ल मातीत घाम गाळलेले आहेत, कोणाचीच गदा मी कमी मानत नाही. पण गावच्या पारावर आता पहिला प्रश्न येतो, "कुठला महाराष्ट्र केसरी? ह्यांचा का त्यांचा?" मल्लाच्या खांद्यावर गदा असते आणि तरी त्याला खुलासा करावा लागतो.

सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने मार्च 2023 मध्ये सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी जिंकली. माझ्या शाळेतल्या मुलींनी तिचा फोटो वर्गात लावला होता. त्या आठवड्यात माझ्याकडे चार मुली लंगोट-कॉश्च्यूम कुठे मिळतो विचारायला आल्या. एका खऱ्या किताबाने एवढं होतं. म्हणूनच किताबावर शंकेचा डाग पडता कामा नये.

आणि वरती तर आणखी वाईट झालं. 2023 मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून जागतिक संघटनेने त्याला निलंबित केलं. त्या सप्टेंबरात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत अंतिम पंघालने कांस्य जिंकलं, तेव्हा तिच्या नावापुढे भारत नव्हतं. 19 वर्षांची पोर. निवडणूक घेणं हे तिचं काम नव्हतं.

तुम्ही म्हणाल, कुस्ती शेकडो वर्षं जुनी, तिचं राजकारण जुनं, आमचा खेळ नवा आहे. म्हणूनच तुमच्याबद्दल जास्त वाईट वाटतं. नवं घर बांधायला घेतलंत आणि पहिल्या दिवसापासून मधोमध भिंत घातलीत.

मी वाचायला लागले तेव्हा कळलं की ही भिंत मिरजेत किंवा पुण्यात सुरू होत नाही. आंतरराष्ट्रीय ई-स्पोर्ट्स महासंघ 2008 मध्ये दक्षिण कोरियात स्थापन झाला. 2019 च्या डिसेंबरात सिंगापूरमध्ये ग्लोबल ई-स्पोर्ट्स फेडरेशन उभी राहिली. दोघीही जगभरच्या देशांना सदस्य करून घेतात, दोघींच्या आपापल्या जागतिक स्पर्धा आहेत. आशियात एशियन इलेक्ट्रॉनिक स्पोर्ट्स फेडरेशन आहे आणि एशियाडचं काम तिच्याकडे आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने जुलै 2024 मध्ये सौदी अरेबियाच्या ऑलिम्पिक समितीशी 12 वर्षांचा करार करून ऑलिम्पिक ई-स्पोर्ट्स गेम्सची घोषणा केली. पहिली स्पर्धा 2025 ला म्हणाले, मग 2027 ला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये करारच संपवला. त्याच सौदीच्या रियाधमध्ये 2024 ला ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप सुरू झाला, त्याचं बक्षीस पहिल्या वर्षी 6 कोटी डॉलर होतं, दुसऱ्या वर्षी 7 कोटी. जिथे एवढा पैसा आहे तिथे खुर्च्या वाढणार, हे कळायला मोठं शिक्षण लागत नाही.

आता मुख्य गोष्ट बोलते. तुमच्या भांडणात ती कोणीच उच्चारत नाही.

खो-खोचा मालक कोणी नाही. उद्या खो-खोच्या सगळ्या संघटना बरखास्त झाल्या तरी माझ्या मुली दोन खांब रोवून खेळतील. कुस्तीला हौदा लागतो, माती लागते, दोन माणसं लागतात. तुमच्या खेळाला मालक आहे. बीजीएमआय क्राफ्टन या कोरियन कंपनीचा आहे. पब्जी मोबाईलवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली, 2021 च्या जुलैमध्ये बीजीएमआय नावाने तो परत आला, 2022 च्या जुलैमध्ये स्टोअरवरून पुन्हा गेला, मे 2023 मध्ये पुन्हा आला. फ्री फायर हा तसाच दुसरा खेळ फेब्रुवारी 2022 मध्ये गेला. या प्रत्येक वेळी हजारो मुलांचा सराव एका रात्रीत थांबला. त्या रात्री तुमच्यापैकी कोणती संघटना काही करू शकली? करू शकणारच नव्हती. स्पर्धेचा परवाना कंपनी देते, नियम ती बदलते, सर्व्हर तिचा असतो. 2021 मध्ये बीजीएमआयची पहिली मोठी मालिका झाली, 1 कोटीची बक्षिसं होती, ती कंपनीनेच घेतली. मोठ्या संघांतली मुलं तिकडेच बघतात. तुमच्याकडे येतात ती माझ्या शाळेसारखी मुलं, ज्यांना वाटतं की राज्य संघटना म्हणजे सरकारची पायरी.

कोरियात हे आधीच होऊन गेलं आहे. तिथली केस्पा ही संघटना 2000 साली झाली, सरकारचा पाठिंबा तिला होता. स्टारक्राफ्ट या कॉम्प्युटरवरच्या खेळाचे सामने टीव्हीवर लागायचे, मैदानं भरायची, केस्पाने प्रक्षेपणाचे हक्कही विकले. पण स्टारक्राफ्ट ब्लिझार्ड कंपनीचा. कंपनी म्हणाली, खेळ आमचा, हक्कही आमचे. 2010 मध्ये तिने केस्पाला डावलून दुसऱ्याच कंपनीला कोरियातले हक्क दिले. 2011 मध्ये तडजोड झाली तेव्हा केस्पाला कंपनीचा हक्क मान्य करूनच पुढे जावं लागलं. दहा वर्षं ज्यांना आपण खेळाचे धनी वाटत होतो, त्यांना कळलं की आपण भाडेकरू आहोत.

तर मग तुमच्या ताब्यात आहे काय? खेळ नाही. सर्व्हर नाही. बंदी आणणं आणि उठवणं नाही. तुमच्या हातात फक्त खेळाडू आहे. त्याची नोंद, त्याचं वय, त्याची निवड, त्याचं प्रमाणपत्र, त्याची तक्रार ऐकणं, त्याला देशाच्या संघापर्यंत पोचवणारी वाट. एवढंच तुमचं खरं काम आहे आणि ते कंपनी कधीच करणार नाही, कारण कंपनीला खेळाडू ग्राहक म्हणून हवा आहे. आणि तुम्ही नेमकं तेच काम सोडून एकमेकांचे शिक्के खोटे ठरवत बसला आहात.

या वाटेला किंमत आहे म्हणून मी इतकं तळमळून लिहिते. 1962 च्या जकार्ता एशियाडला आमच्या कवठेपिरानचे मारुती माने गेले आणि सुवर्ण घेऊन आले. त्यांची गोष्ट सांगून मी मुलांना अजून पळायला लावते. 56 वर्षांनी, 2018 ला, त्याच जकार्तात ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून झालं आणि भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळात कांस्य मिळवलं. प्रात्यक्षिक असल्यामुळे ते पदक तालिकेत मोजलं गेलं नाही. हे मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे जिंकला, पण मोजला नाही." पुढे हांगझोउच्या एशियाडला, 2023 मध्ये, ई-स्पोर्ट्सला खरी पदकं मिळाली. भारताचा लीग ऑफ लेजंड्सचा संघ पाचवा आला. त्याआधी 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत आपल्या डोटा 2 संघाने कांस्य आणलं होतं. 2026 च्या आयची-नागोया एशियाडच्या कार्यक्रमातही ई-स्पोर्ट्स आहे. म्हणजे दार खरंच उघडलेलं आहे. फक्त मिरजेहून त्या दारापर्यंत जाणारी एसटी कोणती, हे पोराला कोणी सांगत नाही.

सरकारने आपल्या परीने पाऊल टाकलं आहे. डिसेंबर 2022 मध्ये ई-स्पोर्ट्सचा विषय केंद्रीय क्रीडा मंत्रालयाकडे दिला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळं काढून खेळ म्हणून जागा दिली. त्या कायद्यानंतर गावातल्या पालकांशी बोलणं मला सोपं झालं, कारण तोपर्यंत त्यांना रमी आणि बीजीएमआय एकच वाटायचे. त्याच महिन्यात राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्यात एका खेळाला एकच राष्ट्रीय संघटना, मान्यता देणारं क्रीडा मंडळ, वादांसाठी न्यायाधिकरण, कार्यकारिणीत नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला अशी रचना आहे. मला हे वाचून बरं वाटलं. पण तुमच्यातल्या हालचाली बघून भीतीही वाटते. एकच जागा आहे म्हटल्यावर प्रत्येक जण घाईघाईने जिल्हा शाखा उघडतो आहे, स्पर्धांची संख्या वाढवतो आहे, खेळाडूंच्या याद्या फुगवतो आहे. आमच्या जिल्ह्यात एका वर्षात तीन 'जिल्हा निवड' स्पर्धा झाल्या. प्रत्येकीची फी वेगळी. आमची मुलं तुमच्या अर्जासोबत जोडायचा आकडा झाली आहेत.

माझं मागणं मोठं नाही. सर्वांत आधी, दुसऱ्याच्या स्पर्धेत खेळला म्हणून पोरांवर बंदी घालणं आजपासून थांबवा. त्याला दोष देण्यासारखं काही नाही. 15 वर्षांच्या मुलाने जिथे स्पर्धा दिसली तिथे फॉर्म भरला, खेळाडूने हेच करायचं असतं. तुमचं भांडण न्यायाधिकरणापुढे न्या, मंत्रालयापुढे न्या, जे ठरेल ते ठरू दे. तोवर यादीतली नावं काढून टाका आणि तसं लेखी कळवा. व्हॉट्सअॅपवर नको, सही-शिक्क्यानिशी हवं.

फॉर्मच्या पहिल्याच पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा की ही संघटना फक्त नोंदणीकृत आहे की मान्यताप्राप्त, मान्यता कोणाची आणि कधीपर्यंत. या प्रमाणपत्रावर क्रीडागुण मिळतात का, नोकरीतल्या आरक्षणाला चालतं का, हेही लिहा. मिळत नसतील तर 'मिळत नाहीत' असं लिहा. तरीही मुलं येतील. ती खेळायला येतात. पण त्यांचे आईबाप 1,200 रुपये कशासाठी देतात हे त्यांना कळलेलं असेल. मार्केट यार्डात पोती वाहून ते पैसे कसे जमतात, हे मी जवळून बघितलं आहे.

आणि दोन्ही बाजूंनी बसून खेळाडूंची एकच नोंदवही करा. कोणाच्याही मांडवात खेळलेला सामना त्यात लिहिला जाऊ दे. उद्या मान्यता कोणालाही मिळो, ती वही त्याच्याकडे जाईल आणि मुलाची मेहनत वाया जाणार नाही. हे अवघड आहे असं म्हणू नका. आमच्याकडे तालमीत वस्ताद बदलला तरी पोराने मारलेल्या कुस्त्या कोणी पुसत नाही.

मुलींबद्दलही बोलायला हवं. त्या पुण्याच्या हॉलमध्ये एकही मुलगी खेळायला नव्हती. माझ्या शाळेत दोघी खेळतात, बऱ्या खेळतात, पण आवाज सुरू केला की ज्या शिव्या येतात त्यामुळे माइक बंद ठेवून खेळतात. आयजीएल होऊच शकत नाहीत, कारण बोलता येत नाही. कायदा कार्यकारिणीत चार महिला मागतो. त्या चौघी नात्यातल्या नकोत, खेळणाऱ्या किंवा खेळ शिकवणाऱ्या असू द्यात. आणि निवड सामन्यात शिवी दिली तर बाद, हा नियम लावा. कबड्डीत पंच कार्ड दाखवतो, इथे का नाही?

सामन्यांच्या वेळा रात्री अकराच्या ठेवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या तोंडावर निवड ठेवू नका. खेळातच 18 वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तासांची मर्यादा आहे, आणि तुम्ही सहा-सहा तासांचे सामने लावता. मग पोरं मोठ्या भावाच्या, काकाच्या नावाने खातं काढतात. पहिली लबाडी त्यांना तुमच्या वेळापत्रकाने शिकवली.

खेळाडूंच्या वतीने खेळाडूंनाच बोलू द्या, हे शेवटचं. 2016 मध्ये अमेरिकेत काउंटर-स्ट्राइक या कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या सात संघांच्या मालकांनी मिळून स्वतःची लीग काढली आणि आपल्या खेळाडूंना दुसऱ्या मोठ्या लीगमध्ये खेळू द्यायचं नाही असं ठरवलं. डिसेंबरात 25 खेळाडूंनी एकत्र येऊन मालकांना खुलं पत्र लिहिलं, की आम्ही कुठे खेळायचं हे आम्हाला न विचारता ठरवू नका. पुढच्याच महिन्यात मालकांना ती लीग गुंडाळावी लागली. ती मुलं मोठी होती, पगारदार होती, त्यांना स्वतःचं पत्र लिहिता आलं. आमची मुलं 15-16 वर्षांची आहेत. त्यांना वाटतं, आपण बोललो तर पुढच्या निवडीत नाव येणार नाही. म्हणून हे पत्र मी लिहिलं.

तो मुलगा आता अकरावीला आहे. खेळतो अजून, पण 'राज्यस्तरीय' हा शब्द असलेला फॉर्म दिसला की माझ्याकडे बघतो आणि मी काही बोलायच्या आत मान हलवतो. ते प्रमाणपत्र त्याच्या वडिलांनी भिंतीवरून काढून माझ्याकडे आणून दिलं, म्हणाले, बाई, तुम्हीच ठेवा, घरात पाहुणे विचारतात. ते माझ्या शाळेच्या कपाटात, खो-खोच्या ढालींच्या मागे ठेवलेलं आहे. पेनने दुरुस्त केलेलं आडनाव लॅमिनेशनच्या आतून अजून स्पष्ट दिसतं.

त्यावर तुमच्यापैकी दोघांच्या सह्या आहेत. त्या दोघांनी सांगलीला यावं. मुलाचे वडील सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर भेटतात. हे प्रमाणपत्र खरं आहे की नाही, एवढं त्यांना समोर उभं राहून सांगावं. मी सोबत येईन.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका
मिरज, जि. सांगली